भद्रावतीचा जकातनाका

साक्री तालुक्यातील भामेर गावात शिरताना ज्या प्राचीन दरवाजाचे अवशेष लागतात, ज्या कोरीव खांबांचे तुकडे कुठे घराच्या जोत्यात तर कुठे वाटेच्या कडेला पडलेले दिसतात, आणि गावामागच्या डोंगराच्या कड्यात ओळीने खोदलेली जी दालने व पाण्याची टाकी दुरूनच दृष्टीस पडतात, त्यांवरून येथे एके काळी एक संपन्न नगर नांदत होते हे कोणाही डोळस माणसाच्या ध्यानात येते. इतिहासाने या नगराविषयी मोजकेच लिहून ठेवले आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात भंभागिरीच्या लक्ष्मीदेव नामक राजाचा पराभव केला, असा उल्लेख अंबेजोगाईच्या शिलालेखात आहे, आणि ती भंभागिरी म्हणजेच हे भामेर, असे अभ्यासक मानतात. लोकांच्या स्मरणाने मात्र एवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी या डोंगरावर भद्रावती वसविली, तिच्या सिंहासनावर यौवनाश्व राजा बसविला, आणि त्याच्या अश्वशाळेत तो श्यामकर्ण घोडा बांधला, ज्यावाचून धर्मराजाचा अश्वमेध सिद्धीस जाणार नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीही हीच कथा आपली म्हणून सांगते. एकच कथानगरी दोन डोंगरांवर वसली, यात वादाचे कारण मला दिसत नाही; उलट कल्पित नगराला जमिनीची किती ओढ असते, याचीच ती साक्ष आहे.

ही कथा जैमिनीच्या अश्वमेधात आहे, आणि श्रीधराने ती मराठीत आणल्यामुळे देवळांतून व ओसऱ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. घोडा आणायला पांडवांकडून सैन्य निघत नाही. भीम, कर्णाचा पुत्र वृषकेतु आणि घटोत्कचाचा पुत्र मेघवर्ण असे तिघेच निघतात. एकाचे बळ, दुसऱ्याचे बाण आणि तिसऱ्याची आकाशगामी माया अशी ही तीन निरनिराळी सामर्थ्ये आहेत, आणि त्यांचे स्वभावही तितकेच निरनिराळे आहेत. भीम उतावळा आहे. वृषकेतूला तर ज्यांनी आपल्या पित्याला मारले त्यांच्याच यज्ञासाठी लढायचे आहे. घोडा पाण्यावर येईपर्यंत ते वाट पाहतात. मग मेघवर्ण मायेने अंधार पसरून त्याला उचलतो आणि पाठलागावर आलेल्या सैन्याला वृषकेतु सामोरा जातो. ज्या खेळाविषयी हे प्रकरण आहे, त्या खेळाशी परिचय असलेल्या वाचकाला या तिघांची ओळख पटायला वेळ लागणार नाही, कारण भिन्न गुणांची चार-दोन माणसे, एक अवघड कार्य, एक परके नगर आणि त्या नगरात पाऊल टाकल्यावर पदोपदी करावा लागणारा निर्णय, एवढीच या खेळाची सामग्री असते.

त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मी त्याला भूमिकेचा खेळ म्हणेन. चार-सहा माणसे एका मेजाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो, उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकून निवाडा होतो. पटावर सोंगट्या असतीलच असे नाही, जिंकणे-हरणेही नाही. सारीपाटाच्या फाशाने युधिष्ठिराचे राज्य गेले, येथील फाशाने कोणाचे काही जात नाही. तो फक्त पुढे काय घडले ते सांगतो, आणि घडलेले सर्वांनी मिळून सोसायचे असते.

या खेळाचे कुळ लष्करी आहे, आणि ते जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्यातील ज्या क्षणी लष्कर मागे पडून माणूस पुढे आला त्याच क्षणी हा खेळ जन्माला आला. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी युद्धाचा अभ्यास करण्यासाठी नकाशावर खेळायचा एक खेळ रचला; पुत्राने 1824 साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत दोन्ही पक्षांच्या वर एक पंच होता, आणि चकमकीचा निकाल फासे व कोष्टके यांवरून लागत असे. पुढे त्या पंचाच्या स्वतंत्र निर्णयालाही मान मिळाला. दीड शतकानंतर, 1969 साली, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक युद्धखेळ मांडताना सेनांच्या मध्ये ब्राउनस्टाइन नावाचे एक कल्पित जर्मन गाव ठेवले, आणि सेनापतींखेरीजच्या खेळाडूंना नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका दिल्या. ज्याच्या हाताखाली एकही शिपाई नाही, त्याने युद्धाच्या वेळी काय करावे? खेळाडू कारस्थाने करू लागले, एकमेकांना कोपऱ्यात नेऊन बोलू लागले, आणि सेना राहिल्या बाजूला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने ब्लॅकमूर नावाची नगरी व तिच्या किल्ल्याखालचे भुयार रचले, आणि त्याने व गॅरी गायगॅक्स याने मिळून 1974 च्या आरंभी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने बाजारात आणला. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार होत्या. राक्षस, भुयारे आणि खजिने यांमुळे या खेळाचे नाव झाले. परंतु त्याच्या मुळाशी एक गाव आहे, आणि त्या गावात अडचणीत सापडलेला एक नगराध्यक्ष आहे, हे त्याच्या चाहत्यांच्याही नेहमी ध्यानात राहत नाही.

फाशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पात्राची शक्ती, चापल्य, चिवटपणा, बुद्धी, विवेक आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण त्या पहिल्या खेळात साध्या सहा बाजूंच्या तीन फाशांच्या बेरजेवरून ठरत. तीन फासे 216 प्रकारे पडू शकतात. त्यांत अठराची बेरीज एकदाच येते, दहा किंवा अकराची मिळून चोपन्न वेळा. म्हणजे बहुतेक पात्रे मध्यम प्रतीची निघतात, असामान्य क्वचित, आणि हे जगाच्या रीतीला धरूनच आहे. प्रसंगाचा निवाडा मात्र आज बहुधा वीस बाजूंच्या एका फाशावर होतो, ज्यात प्रत्येक आकड्याला सारखीच, शेकडा पाच, संधी असते. गुण सावकाश घडतात आणि प्रसंग अवचित येतात, हा भेद त्या दोन फाशांच्या गणितातच बसविलेला आहे.

आता नगराकडे वळू. कल्पित नगर रचणारा नवखा माणूस प्रथम नकाशा काढतो. कोट, सात दरवाजे, मध्ये राजवाडा, ईशान्येला जादूगारांची पेठ. मराठी कादंबरीच्या आरंभकाळी, ‘मुक्तामाला’ 1861 साली आणि ‘मंजुघोषा’ 1868 साली प्रसिद्ध झाली, त्या अद्भुतरम्य परंपरेतही महाल आणि उपवने यांना तोटा नव्हता. तथापि ज्या नगरातील पाणी कोठून येते, कचरा कोण उचलतो, रात्री दरवाजा कोणाच्या सांगण्यावरून उघडतो हे आपल्याला ठाऊक नसते, त्या नगरात कोणालाही वावरता येत नाही. ते पाहून पुढे जाता येते एवढेच. नगर पात्रांच्या गरजेतून उभे राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचा उत्तम दाखला महाभारतातच आहे. मयसभा ही आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध अद्भुत वास्तू. तिची रत्ने व स्फटिक आपण विसरतो. दुर्योधन स्थळ समजून जळात पडला ते विसरत नाही. त्या वास्तूने एका अभिमानी माणसाचा अभिमान नेमका दुखावला, आणि द्यूतापासून कुरुक्षेत्रापर्यंतचे सर्व काही त्या अपमानाशी जोडले गेले. जागेने पात्रावर काही केले म्हणून ती जागा कथेत राहिली.

हाच नियम भामेरच्या डोंगरावर लावून पाहू. समजा, खान्देशातील पाच तरुण मित्रमैत्रिणी एका सुट्टीत भद्रावती रचायला बसले. अद्भुत गोष्ट त्यांनी एकच घ्यावी: एक कान काळा असलेला तो शुभ्र घोडा. बाकीचे सर्व व्यवहारातून काढावे. घोडा दिव्य आहे, म्हणून तो डोंगरावरच्या टाक्याचेच पाणी पितो. म्हणून त्या टाक्यावर चौकी आहे. म्हणून वैशाखात खालच्या वस्तीतील बायकांना घागरी घेऊन ताटकळावे लागते. घोड्यासाठी कुरण राखीव आहे, म्हणून डोंगरातील भिल्लांची गुरे त्या कुरणात शिरली की दंड होतो. अश्वशाळेला दारोगा आहे, चंदीचा खर्च आहे, तो भागविण्यासाठी कोंडाईबारीच्या घाटाने गुजरातेकडून येणाऱ्या मालावरची जकात वाढली आहे, आणि जकात वाढली म्हणून पेठेचे शेटे-महाजन कुरकुरत आहेत. एवढे झाले की नगर उभे राहिले. नकाशा मागाहून काढला तरी चालतो, कारण कोणती वस्ती कोठे असली पाहिजे हे आता त्या तंट्यांवरूनच कळते.

असे तंटे कसे असतात हे शिकायला परदेशी ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या नावाने तेथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळात त्यांच्या संग्रहातील दफ्तर जतन केलेले आहे. जुन्या मराठी कागदपत्रांचे कोणतेही प्रकाशित खंड उघडावेत: नवी पेठ वसविण्याची सनद, पहिली काही वर्षे जकात माफ असल्याचा कौल, पाटीलकीच्या मानपानावरून झालेला महजर, विहिरीच्या पाण्यावरून आलेली फिर्याद. महजरात तर साक्षीदारांची नावे, त्यांची वतने, कोण कोणत्या बाजूला बसला, हे सारे येते. कल्पित नगरीच्या रचनाकाराला याहून चांगला धडा मिळणार नाही. ज्याने असा एक महजर मन लावून वाचला आहे, त्याच्या भद्रावतीतील सभा जिवंत वाटेल, आणि ज्याने केवळ परकी चित्रे पाहिली आहेत त्याची सभा त्या चित्रांच्या बाहेर जाणार नाही.

आता पात्रे. एकाने जकातनाक्यावरचा वृद्ध कारकून घेतला आहे. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि वरिष्ठांचे त्याला भय आहे. दुसऱ्याने मिठाचे बैल घेऊन येणारा तांड्याचा नाईक घेतला. एकीने डोंगरवाटा जाणणारी भिल्ल तरुणी, तर आणखी एकीने टाकी खोदणारी पाथरवटाची विधवा सून घेतली, जिला नवऱ्याची छिन्नी चालविण्याची परवानगी पंचांनी अद्याप दिलेली नाही. पाचवा सूत्रधार. नाईकाने मिठाच्या गोणीत एक लोखंडी पहार लपविली आहे. टाक्याच्या भिंतीला भोक पाडून पाणी खाली सोडायचे, असा दोघींशी त्याचा संकेत आहे. हा संकेत सतरंजीवर, सर्वांदेखत ठरला. कारकुनाची भूमिका घेतलेल्या खेळाडूने तो आपल्या कानांनी ऐकला आहे. कारकुनाने मात्र काहीच ऐकलेले नाही.

सूत्रधार म्हणतो, संध्याकाळ झाली आहे, नाक्यावर तांडा आला आहे. कारकून विचारतो, “कोणता गावना शेस रे भाऊ? गोणीमा काय शे?” नाईक सांगतो, मीठ. येथे खेळाडूच्या मनात जो क्षण येतो तो या खेळाचा गाभा आहे. त्याला सत्य माहीत आहे. गोणी उघडायला लावली तर मोठा प्रसंग घडेल, आणि तो प्रसंग त्याच्या हातून घडेल. परंतु दिवसभर उन्हात बसलेला, दृष्टी मंदावलेला, लग्नखर्चाच्या विवंचनेत असलेला तो कारकून खरेच गोणी उघडील काय? खेळाडू थोडा वेळ थांबतो. मग म्हणतो, “मी गोणीवर हात ठेवतो. ती जड लागते. पण मी वर बघतो तर अजून तीस बैल उभे आहेत.” सूत्रधार नाईकाला फासा टाकायला सांगतो: बोलण्यात गुंतवून कारकुनाला पुढे सरकविण्यास तेरा हवेत, नाईकाच्या वाक्चातुर्याचे तीन मिळतील. म्हणजे फाशावर दहा किंवा अधिक पडले पाहिजे. वीस बाजूंपैकी अकरा अनुकूल, शेकडा पंचावन्न. फासा पडतो सातावर. आता कारकून गोणी उघडणार. पण ती कारकुनाने उघडली, खेळाडूने नव्हे. कारण त्याच्या हाताला जाणवलेला जडपणा आणि नाईकाचे अडखळलेले शब्द हेच त्याला पुरे आहेत. यापुढे तो वरिष्ठांना कळवील, की पहार पाहून मुलीच्या लग्नाला लागणारी रक्कम मनात मोजील, हे फासा सांगू शकत नाही. ते त्या खेळाडूला त्या म्हाताऱ्याच्या जागी बसूनच ठरवावे लागते.

आपल्याला कळते ते पात्राला कळत नाही, आणि पात्राला जे सोसावे लागते ते आपण त्याच्या वतीने टाळायचे नाही, ही शिस्त अवघड आहे. परंतु साक्रीच्या माणसाला ती अपरिचित असण्याचे कारण नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टा डांगाला आणि बागलाणाला भिडलेला आहे. या साऱ्या भागात कोकणा व इतर आदिवासी समाजांत भवाड्याची परंपरा आहे, जिला जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा म्हणतात. रात्र पडली की वाद्यांच्या तालावर, उजेडात, एकेक मुखवटा नाचत येतो. गणपती, शारदा, पुढे रावण, नरसिंह, वेताळ, आणि शेवटी जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध. मुखवटा बांधला की नाचणारा नित्याचा शेजारी राहत नाही. लोक त्याच्याशी त्या सोंगाला साजेल असेच वागतात. उद्या सकाळी तो शेतावर जाणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाने रात्रीच्या सोंगाला यत्किंचितही बाधा येत नाही. महिषासुराचे सोंग घेणाऱ्याला आपण मरणार हे पहिल्या पावलापासून माहीत असते. तरीही तो पूर्ण जोराने लढतो, कारण तो हातचे राखून लढला तर जगदंबेचा विजय फुका ठरेल. भूमिकेच्या खेळात ज्याने दुष्टाची किंवा दुर्बळाची भूमिका पत्करली आहे, त्याच्यावर हीच जबाबदारी असते.

भेदही मोठा आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. भवाडा देवकार्य आहे. त्याची कथा आधीच ठरलेली, परंपरेने पवित्र झालेली असते. भूमिकेचा खेळ मनोरंजन आहे आणि त्याची कथा बसल्या जागी घडते. म्हणून भवाड्यातील सोंगे उचलून खेळाच्या पानांवर राक्षस म्हणून मांडणे मला रुचणार नाही. घ्यायची ती त्याची निष्ठा घ्यावी.

याच्याशी लागूनच एक प्रश्न येतो, आणि तो आपल्या भागात विशेष नाजूक आहे. ज्या समाजात आपण जन्मलो नाही त्यातील माणसाची भूमिका घ्यावी काय? घ्यावी, असे मला वाटते. नाही तर प्रत्येकाची भद्रावती त्याच्या आळीएवढीच राहील. परंतु ती घेताना बोलीची नक्कल, पेहरावाची थट्टा, ऐकीव सवयी यांवर भूमिका उभी करू नये. वर सांगितलेल्या मंडळीत भिल्ल तरुणीची भूमिका घेणारीने स्वतःला तीन गोष्टी विचारल्या तर पुरे: तिला कोणते काम उत्तम येते, तिचे या नगराशी कोणते देणेघेणे आहे, आणि आज तिला काय हवे आहे. वाटा ओळखणे, कुरणावरचा दंड, लहान भावाची जप्त झालेली गाय. या उत्तरांतून जी व्यक्ती उभी राहते ती कोणाचे प्रतीक नसते, आणि मेजावर त्या समाजातील कोणी बसला असेल तर त्याला मान खाली घालावी लागत नाही. तशी ती लागली, तर खेळ तेथेच थांबवून बोलावे; सूत्रधाराचे हे पहिले कर्तव्य, फाशाचा हिशेब दुसरे.

सूत्रधाराविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण रचलेल्या नगरीवर त्याचे प्रेम जडते, आणि मग ती खेळाडूंच्या हातून बिघडू नये असे त्याला वाटू लागते. टाके फोडले तर घोडा तहानेला मरेल, घोडा मेला तर भीम येणार कशासाठी, अशी त्याची तगमग होते. परंतु भीम येऊन घोडा नाही असे पाहणे, हाही एक प्रसंग आहे, आणि जैमिनीने तो लिहिलेला नाही म्हणूनच तो या मंडळींचा आहे. यौवनाश्वाच्या दरबारात त्या दिवशी काय झाले असेल, अश्वशाळेच्या दारोग्याने कोणावर आळ घेतला असेल, पाणी मिळालेल्या खालच्या वस्तीने साक्ष कोणाच्या बाजूने दिली असेल, हे सर्व आता त्यांनाच ठरवायचे आहे.

त्यासाठी दफ्तर ठेवावे. प्रत्येक बैठकीनंतर एकाने, पाळीपाळीने, घडलेला मजकूर एका वहीत उतरवावा: कोणी काय वचन दिले, कोणाला किती जकात माफ झाली, कोणत्या दरवाजावरचा शिपाई दुखावला गेला. चार महिन्यांनी जेव्हा नाईक म्हणेल की मला जकातमाफीचा कौल मिळाला होता, आणि कारकून म्हणेल की मिळाला नव्हता, तेव्हा सूत्रधाराने आपल्या स्मरणावर न विसंबता ती वही उघडावी. आणि वहीतही तो मजकूर संदिग्ध निघाला, तर शेटे-महाजनांची सभा बोलावून, दोन्ही बाजूंचे साक्षीदार घेऊन, पुढची सबंध बैठक त्या महजरालाच द्यावी.